घरात आलेला फ्लू घरभर होऊ नये म्हणून

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक व्याख्यान)



संमेलनात आरोग्यविषयक एक व्याख्यान असावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे, आणि यंदा ते काम आम्हांकडे आले. विषय आम्हीच निवडला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे विषय अधिक भारदस्त खरे. त्यांच्या मानाने फ्लू म्हणजे चार दिवसांचा ताप, असे पुष्कळांस वाटेल. परंतु मधुमेह शेजारच्या अंथरुणावरील माणसास लागत नाही, फ्लू लागतो. आणि ज्या घरात मधुमेहाचे आजोबा, दम्याची आजी, गर्भवती सून किंवा तान्हे मूल आहे, त्या घरात हा चार दिवसांचा ताप केवळ चार दिवसांचा राहीलच असे नाही. धडधाकट तरुणाने शाळेतून वा कचेरीतून आणलेला आजार त्याला स्वतःला सोडून जातो आणि घरातील दुबळ्या माणसास न्यूमोनियापर्यंत नेतो. आमच्या व्याख्यानाचा विषय तो तरुण नव्हे, ते दुबळे माणूस आहे.

आपल्या घरांत एक वाक्य फार ऐकू येते : "एकाला आला म्हणजे आता सगळ्यांना येऊन जाणारच." हे वाक्य खरे नाही. कुटुंबांची जी पद्धतशीर पाहणी निरनिराळ्या देशांत झाली आहे, तिच्यात घरात एक रोगी असूनही बरोबर राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे बहुधा निसटलेलीच आढळतात. म्हणजे उरलेल्यांना निसटवणे हे माणसाच्या हाती पुष्कळसे आहे. ज्याने आधीच हात टेकले, त्याच्या घरात मात्र ते वाक्य खरे ठरते.

आता रोगाची चाल थोडक्यात पाहू. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारणतः दोन दिवसांत, कमीत कमी एक व जास्तीत जास्त चार दिवसांत, ताप येतो. ताप येण्यापूर्वीच, सुमारे एक दिवस आधीपासून, तो मनुष्य दुसऱ्यास रोग देऊ लागतो. आजाराचे पहिले तीन-चार दिवस हा प्रसार सर्वाधिक असतो आणि पाच ते सात दिवसांपर्यंत तो चालू राहू शकतो. लहान मुलांत त्याहूनही अधिक. खोकणे, शिंकणे, इतकेच नव्हे तर बोलणे, यांतून निघणारे जे थेंब असतात त्यांतील जड थेंब हातभर-दोन हातांवर, फार तर चार हातांवर पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीच्या हवेत तरंगत राहतात. दाराची कडी, नळाची तोटी, मोबाइल, दूरदर्शनचा रिमोट अशा कठीण, गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो. तेथून बोटांवर, आणि बोटांवरून नाकाडोळ्यांत, असा त्याचा दुसरा रस्ता आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. रोग्याचे निदान होईल, रक्त वा घशातील स्राव तपासला जाईल, आणि मग आपण सावध होऊ, असे म्हणणारे घर नेहमी उशीरच करते. हाँगकाँग येथे २५९ कुटुंबांवर एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांस हात धुण्याची, काहींस हात धुणे आणि नाकातोंडावर मास्क ही दोन्ही साधने दिली होती. सर्व कुटुंबे एकत्र धरली असता फरक ठळक दिसला नाही. परंतु ज्या घरांत पहिल्या रोग्यास लक्षणे दिसू लागल्यापासून ३६ तासांच्या आत ही दोन्ही साधने सुरू झाली, तेथे घरातील इतरांस रोग लागण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. साधने तीच, माणसे तशीच. अंतर पडले ते पहिल्या दीड दिवसाचे. यास्तव आमचे सांगणे असे की, जे काही करायचे ते पहिल्या संध्याकाळी करावे. अकस्मात चढलेला ताप, अंग मोडून येणे, डोके दुखणे, कोरडा खोकला, ही चिन्हे दिसली की पुरे. उद्या तो साधा पडशाचा ताप ठरला तर आपले काय गेले? एका रात्रीची गैरसोय.

पहिली संध्याकाळ आपण का दवडतो, याचाही विचार केला पाहिजे. एक तर भीड. मुलाला वेगळे निजवले तर त्याला काय वाटेल, आजोबांना "तुम्ही आज नातवाला जवळ घेऊ नका" असे कसे सांगावे, ही ती भीड. वास्तविक वेगळे राहणे आपल्या पूर्वजांस नवे नव्हते. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेगची साथ आली तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. देवीच्या आजारात रोग्याची खोली निराळी असे. २०२० साली कोविडने तोच धडा आपल्याला पुन्हा गिरवायला लावला, आणि साथ ओसरताच आपण पाटी पुसून टाकली.

दुसरे कारण भिडेपेक्षा खोल आहे, आणि ते सांगण्यासाठी १९१८ सालाकडे जावे लागते. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी जिचे नाव 'मानमोडी' असे होते, ती ही फ्लूचीच साथ. त्या वर्षीच्या जून महिन्यात ती मुंबई बंदरात उतरली, सप्टेंबरमध्ये दुप्पट उग्र होऊन परतली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. हिंदुस्थानात मिळून एक कोटीहून अधिक बळी गेले. त्या वेळच्या सरकारी दप्तरात मुंबईतील मृत्यूंची जातवार नोंद आहे. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि दप्तराने ज्यांस 'खालच्या जाती' म्हटले त्या हिंदूंत ६१.६. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे आकडे मुद्दाम वाचावे असे आम्हांस वाटते. विषाणूस जात कळत नाही. पण एका खोलीत किती माणसे निजतात, त्या खोलीला खिडकी आहे की नाही, पोटात पुरेसे अन्न आहे की नाही, हे त्यास फार चांगले कळते, आणि त्या काळी या गोष्टी जातीवर ठरत.

त्याच साथीतील दुसरी नोंद अशी की, या देशात पुरुषांहून स्त्रिया अधिक संख्येने मरण पावल्या. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडे, आणि उरलेले जेवणही त्यांच्याच वाट्याला. अभ्यासकांनी जी कारणे दिली त्यांत ही दोन प्रमुख आहेत. शंभर वर्षे लोटली. आपल्या समाजातील मुली डॉक्टर झाल्या, न्यायाधीश झाल्या. तरी घरात कोणी तापाने निजले की उशाशी कोणी बसायचे, हा प्रश्न अजून विचारलाच जात नाही, सून बसते. तिला स्वतःला कणकण आली तर ती सांगत नाही, कारण सांगितले तर स्वयंपाक कोण करणार? आणि मग तिच्या हातून घरभर रोग जातो. दोष तिचा नव्हे. पहिली संध्याकाळ दवडली जाते ती बहुतेक येथे.

म्हणून पहिला निर्णय शुश्रूषा करणाऱ्याचा. एका रोग्याजवळ एकच माणूस असावे, सगळे घर आळीपाळीने नको. आणि ते माणूस नात्यावरून नव्हे, प्रकृतीवरून निवडावे. गर्भवती स्त्री, पासष्टीच्या पुढील वडीलधारी माणसे, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंड यांचे विकार असलेली माणसे आणि तान्ह्याची आई, यांना हे काम देऊ नये. राहता राहिला तो बहुधा घरचा धडधाकट कर्ता पुरुष. त्याने दोन दिवस रजा घ्यावी. लग्नकार्यासाठी आपण आठ-आठ दिवस रजा घेतोच.

दुसरा निर्णय जागेचा. स्वतंत्र खोली असेल तर प्रश्नच नाही. पण आपले कितीतरी ज्ञातिबांधव लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत, नाही तर डोंबिवली-विरारकडे खोली-स्वयंपाकघराच्या बिऱ्हाडात राहतात. त्यांना "रोग्यास वेगळ्या खोलीत ठेवा" असे सांगणे म्हणजे थट्टाच. तेथे रोग्याचे अंथरूण खिडकीजवळ घालावे आणि इतरांनी होईल तितके दूर, रोग्याच्या पायांकडे डोके करून निजावे. म्हाताऱ्या माणसांची निजण्याची सोय शक्य तर दुसऱ्या खोलीत, किंवा शेजारी विश्वासू घर असेल आणि त्यांना स्वतःला कसलीही कणकण नसेल, तर तेथे करावी. खिडकी आणि समोरचे दार दोन्ही थोडी उघडी ठेवावीत, म्हणजे वारा खेळता राहतो. मेजावरचा पंखा असल्यास त्याचे तोंड रोग्याकडून घराकडे नव्हे, खिडकीकडे बाहेर करावे. आपल्याकडे फ्लूचा एक मोठा हंगाम पावसाळ्यात येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतो, ओले कपडे घरात वाळत घालतो. थोडी झड आत आली तर फरशी पुसता येते. वातानुकूलनाच्या घरगुती यंत्राविषयीही हेच. ते बहुधा खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते.

मास्क रोग्याने लावावा, निदान दुसरे कोणी खोलीत असेल तेव्हा. शुश्रूषा करणाऱ्यानेही लावावा. दोन वर्षांखालील मुलास किंवा धाप लागलेल्या माणसास लावू नये. खोकताना तोंडासमोर तळहात धरण्याची आपली जुनी रीत सभ्य खरी, पण तोच तळहात पुढे कडीला लागतो. त्यापेक्षा कोपराच्या वळणात खोकावे. हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते, आणि तेलकट ताट जसे साबणाने सुटते तसे ते साबणाने विरते. यासाठी महागडे द्रव आणण्याची गरज नाही. रोग्याची भांडी फेकू नयेत की उकळत बसू नयेत; नेहमीच्या साबणाने घासली म्हणजे ती इतर भांड्यांसारखीच झाली. मात्र मोरीतला सगळ्यांचा एक टॉवेल आणि माठावरचा सगळ्यांचा एक पेला, या दोन गोष्टी त्या आठवड्यापुरत्या बंद कराव्यात.

घरगुती उपचारांवर आमचा राग नाही. गवती चहा, आल्याचा काढा, पेज, मऊ भात यांनी रोग्यास बरे वाटते आणि पोटात पाणी जाते, ते द्यावे. पण त्यांनी दुसऱ्यास रोग लागणे थांबत नाही. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधल्याने तर नाहीच. आणि खोलीत धूप कोंडल्याने रोग्याचा खोकला मात्र वाढतो. लहान मुलांना उकळत्या भांड्यावर वाफ देताना भाजल्याचे प्रकार घडतात, ते टाळावे. सोळा वर्षांखालील मुलास तापासाठी अॅस्पिरिन देऊ नये. फ्लूच्या तापात त्याने क्वचित यकृत व मेंदू यांस गंभीर इजा होते. प्रतिजैविकांच्या गोळ्या मागच्या आजारातल्या उरल्या आहेत म्हणून देऊ नयेत. त्या विषाणूवर चालत नाहीत. विषाणूवर चालणारे औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा गुण अधिक. म्हणून वर सांगितलेल्या दुबळ्या माणसांपैकी कोणास ताप आला, तर दोन दिवस वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, भ्रम होणे, मूल पाणी न पिणे वा जागे न होणे, किंवा ताप उतरून पुन्हा उसळणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर रुग्णालय. मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

राहिली लस. फ्लूचा विषाणू वर्षावर्षास रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी नवी घ्यावी लागते. टोचल्यापासून सुमारे दोन आठवड्यांनी ती गुणास येते, तेव्हा आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशी ती घेतलेली बरी. सहा महिन्यांखालील बालकास ती देता येत नाही; पण गर्भवती आईने घेतली तर तिचे संरक्षण जन्मानंतरचे काही महिने बाळासही लाभते. लस घेतलेल्यास फ्लू होतच नाही असे नव्हे. झाला तरी तो बहुधा सौम्य जातो. तिचा खर्च सगळ्या घरास झेपत नसेल तर आधी आजी-आजोबा, गर्भवती आणि जुने आजार असलेली माणसे यांना द्यावी. डोहाळजेवणाला आपण जेवढा खर्च करतो त्याच्या एका कोपऱ्यात ती बसते.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे येथे जोडतो.

एका भगिनीने विचारले, अंगावर पाजणाऱ्या आईस फ्लू झाला तर दूध बंद करावे काय? मुळीच नाही. फ्लू दुधातून जात नाही. उलट त्या दुधातून बाळास प्रतिकारशक्ती मिळते. आईने हात धुवावे, मास्क लावावा, पाजावे, आणि एरवी बाळास दुसऱ्या निरोगी माणसाने सांभाळावे. आई फार थकली असेल तर दूध काढून वाटीचमच्याने पाजता येते.

दुसरा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांचा : घरी गौरी-गणपती आणि मुलगा तापाने निजलेला, अशा वेळी आल्या-गेल्याचे काय करावे? सणाचे दिवस फ्लूच्या हंगामात येतात, तेव्हा हा प्रश्न दरवर्षी कोणाच्या तरी घरी उभा राहणारच. पूजा घरच्यांनी करावी, आरतीस बाहेरच्यांना बोलावू नये, प्रसाद निरोगी माणसाने करावा, आणि आप्तांना फोनवरून स्पष्ट सांगावे. ज्यांना तसे सांगितले जाईल त्यांनी राग धरू नये. तसेच आजाऱ्याच्या समाचाराला शहाळी घेऊन जाण्याची हौस ज्यांना आवरत नसेल, त्यांनी शहाळी दाराशी ठेवावीत आणि चौकशी जिन्यातूनच करावी. ताप औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास उतरलेला असेल तेव्हा मूल शाळेत आणि बाप कचेरीत जाण्यास हरकत नाही. खोकला मात्र आणखी आठ-पंधरा दिवस रेंगाळतो, त्यास भिऊ नये. एवढे ऐकल्यावर त्या सभासदांनी, मग यंदाची आमच्याकडची आरती दूरध्वनीवरूनच ऐका, असे आम्हांस सांगितले, आणि आम्ही ते मान्य केले.