राखेच्या टेकड्या

बल्लारीहून होस्पेटकडे निघालं की कुडतिनीजवळ रस्त्याच्या कडेला एक टेकडी लागते. ती मातीची नाही, राखेची आहे. करडी, भुसभुशीत राख आणि मध्येच काचेसारखे वितळून कडक झालेले थर. बल्लारी, रायचूर, यादगीर आणि शेजारचा तेलंगण-आंध्राचा पट्टा मिळून अशी शंभराच्या आसपास ठिकाणं आहेत. हंपीजवळच्या निंबापूरची राख वालीच्या चितेची, असं तिथली मंडळी सांगतात. किष्किंधा तिथलीच मानली जाते, तेव्हा हे ओघानंच आलं. शिकल्यासवरलेल्यांनीही तर्क लढवायला कमी केलं नाही. काहींना त्या जुन्या लोखंडाच्या भट्ट्या वाटल्या.

ही जनावरांच्या शेणाची राख आहे, असं रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं. ते सर्वांच्या गळी उतरायला मात्र १९६०च्या आसपासच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या आणि एक उत्खनन लागलं. ते उत्खनन उतनूरचं. हे गाव आज तेलंगणात आहे. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी तिथला राखेचा ढिगारा खणला. खाली कुंपणाच्या खांबांचे खड्डे निघाले, म्हणजे गुरांचा वाडा होता. आणि त्याच वाड्यात निघाले गुरांच्या खुरांचे ठसे! ओल्या जमिनीत उमटलेले, राखेखाली झाकले गेलेले, चार हजार वर्षांहून जुने.

मला या ठशांचं फार अप्रूप वाटतं. एरवी पुरातत्त्वात जनावर भेटतं ते हाडांतून, म्हणजे मेल्यावर. हाड कुठल्या प्राण्याचं, वय काय, सुरीची खूण आहे का, हे सगळं कळतं. पण ठसा जित्या जनावराचा असतो. दावणीला उभं, पाय आपटणारं, माश्या उडवणारं. माणसाचं आणि गुराचं रोजचं नातं तिथं दिसतं.

हाडांनाही त्यांचं म्हणणं आहेच. यादगीरकडच्या बुदिहाळला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. पद्दय्या यांनी उत्खनन केलं. तिथं वस्ती, गुरांचा वाडा आणि राख तर सापडलीच, शिवाय जनावरं कापण्याची एक खास जागाही सापडली. हाडांच्या तुकड्यांत दगडी पाती पडलेली. हे लोक गुरं पाळत होते आणि खातही होते. काही श्रोत्यांना हे रुचणार नाही, पण पुरावा आपल्या आवडीनिवडी पाहून सापडत नाही. त्याच मुलखात कुपगलच्या डोंगरावर खडकांवर घाव घालून बैल कोरले आहेत, लांब शिंगांचे, डौलदार वशिंडाचे. त्यातले बरेच याच काळातले मानतात. ज्याचं मांस खायचं त्याचंच चित्र इतक्या कौतुकानं काढायचं, यात त्यांना विसंगती वाटत नसावी.

खरं कोडं वेगळंच आहे. शेण का जाळलं? हे लोक हुलगा, मूग, बारीक भरडधान्य पिकवत होते, म्हणजे शेण शेतात खत म्हणून कामी आलं असतं. तरीही शेण वाड्यातच साठू द्यायचं आणि मग पेटवायचं, तेही पिढ्यान्‌पिढ्या, थरावर थर. ऑलचिन यांना त्यात सण दिसला. दक्षिण कर्नाटकात संक्रांतीला आजही गुरं जाळावरून नेतात, तसं काही असेल असं त्यांचं म्हणणं. पद्दय्यांना ती साचलेल्या घाणीची विल्हेवाट वाटते. मला हा वाद थोडा आपल्या काळाचा वाटतो. पोळ्याला आपण बैल पाण्यावर नेतो, घासूनपुसून धुतो, शिंगं रंगवतो. त्यातली स्वच्छता कुठं संपते आणि पूजा कुठं सुरू होते, हे शेतकऱ्याला विचारून पाहा. तो तुमच्या तोंडाकडं बघत राहील. शेण पेटवणाऱ्यांनाही आपला प्रश्न असाच बुचकळ्यात टाकणारा वाटला असता. मात्र काचेसारखे थर होण्याइतकी धग रोजच्या उकिरड्याला नसते. निदान काही वेळा तरी तो जाळ मुद्दाम, मोठा केलेला होता.

आता यातल्या कित्येक टेकड्या झिजल्या, खणल्या गेल्या. राख खत म्हणून चांगली, म्हणून आसपासचे शेतकरी ती गाडीत भरून नेतात. नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी वाड्यातच जाळलेलं शेण आज असं शेतात पोचतंय, आणि अभ्यासकांना उरल्यासुरल्या ढिगाऱ्यांवर काम भागवावं लागतंय.