भिंतीवरचं सर्टिफिकेट



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नर्सिंगच्या विषयावर याला कशाला उभं केलं, असा प्रश्न पुढच्या रांगेतल्या खालांच्या चेहऱ्यावर दिसतोय. कारण साधं आहे. आमच्या घरात दोन सर्टिफिकेटं आहेत. एक फ्रेम करून भिंतीवर लावलंय, त्याचा आजवर काडीचा उपयोग झाला नाही. दुसरं माझ्या आपाच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यावर तिची नोकरी चाललीय. या दोन कागदांतला फरक कळायला आम्हाला बारा वर्षं लागली.

२००९ ची गोष्ट. आपा बारावीनंतर घरी बसलेली. आपलं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा पेशंट इथं येतात. त्यामुळे ‘नर्सिंग कोर्स, एक वर्ष, नोकरीची हमी’ अशी पाटी दिसली, तेव्हा कोणाला शंका आली नाही. फी अठरा हजार. अम्मीनं बांगड्या गहाण टाकल्या.

दोन खोल्यांत वर्ग भरायचा. ना खाट, ना सरावाचा पुतळा. फळ्यावरची आजारांची नावं वहीत उतरवून घ्यायची. ज्यांनी शिकवलं त्यांनीच परीक्षा घेतली, त्यांनीच पास केलं आणि त्यांनीच सोनेरी अक्षरांत सर्टिफिकेट छापून दिलं. आमच्या धंद्यात कोड लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या टेस्टिंगवर कोणी विसंबत नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मलाही हे खटकलं नाही, हे कबूल करतो.

पुढं सरकारी भरतीची जाहिरात निघाली. आपा कागद घेऊन गेली. खिडकीतल्या माणसानं एकच प्रश्न विचारला, "कौन्सिलचा नोंदणी नंबर?" तो नव्हताच.

इथं जरा थांबून सांगतो, कारण आजही आपल्या मोहल्ल्यात तशाच पाट्या आहेत. नर्स व्हायचं तर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. सहा महिन्यांत किंवा वर्षात मुलीला नर्स करणारा कोर्स आपल्याकडे नाही. कमी मुदतीत जे होता येतं ते नर्सिंग असिस्टंट, म्हणजे रुग्णसहायक. सरकारी कौशल्य योजनांत त्याला ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ म्हणतात. ते चांगलं काम आहे, पण ते वेगळं काम आहे. त्यालाच नर्सिंग म्हणून विकलं जातं, तिथं फसवणूक सुरू होते.

आपाला शेवटी एका छोट्या खाजगी दवाखान्यात काम मिळालं. पेशंट तिला सिस्टर म्हणायचे, पगार मावशीचा. महिन्याभरात इंजेक्शन द्यायला लावलं. कसं द्यायचं हे आधीच्या मुलीनं दाखवलं, तिला तिच्या आधीच्या मुलीनं. असं सात-आठ वर्षं चाललं. एका रात्री तिनं दिलेल्या इंजेक्शननंतर एका बाईला श्वास घेता येईना. डॉक्टर धावत आले, बाई वाचली. नातेवाइकांनी दंगा केला. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं उत्तर तयार होतं, "ती आमची नर्स नाही, मदतनीस आहे. तिनं इंजेक्शन द्यायलाच नको होतं." द्यायला कोणी सांगितलं, याची लेखी नोंद कुठंच नव्हती. आपा तीन महिने घराबाहेर पडली नाही.

२०२१ मध्ये तिनं जनरल ड्युटी असिस्टंटचं प्रशिक्षण घेतलं, सरकारी योजनेतून, फी न भरता. पहिल्या दिवशी हात धुवायला शिकवलं. ती घरी येऊन म्हणाली, "इतकी वर्षं मी हात चुकीचे धूत होते." साबणानं नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, बोटांच्या फटी आणि अंगठे सुटता कामा नयेत. मग अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी का बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना चाकांचे ब्रेक आधी लावायचे आणि कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकायचं, नाहीतर पेशंटबरोबर आपलीही पाठ जाते. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला. रक्तानं माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. नाडी, ताप, श्वास मोजून लिहायचा आणि काही वेगळं दिसलं तर लगेच सिस्टरला सांगायचं.

आणि काय करायचं नाही, तेही शिकवलं. इंजेक्शन नाही, सलाइन लावणं नाही, औषधाचा डोस ठरवणं नाही. आपा म्हणते, त्या कोर्सनं मला सगळ्यात मोठी गोष्ट दिली ती ही, ‘नाही’ म्हणायला कागद दिला.

परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला होता. लेखी झाली, तोंडी झाली, आणि प्रत्यक्ष करूनही दाखवावं लागलं. सर्टिफिकेटवर क्यूआर कोड आहे, तो स्कॅन करून कोणीही खात्री करू शकतो.

आता या कागदाचं उगाच कौतुकही नको. त्यानं आपाचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आलं नाही. पगार वाढला, पण फार नाही. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या आपल्या कितीतरी बायका ब्युरोमार्फत जातात. बारा तासांची ड्युटी, कधी चोवीस तासांची, आणि पगारातून ब्युरोचं कमिशन. तिथं सर्टिफिकेट असो नसो, भाव जवळपास सारखाच.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं अमेरिकेत होतो. आमच्या बिल्डिंगमधली एक बाई वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये असिस्टंट होती. तिच्याकडून कळलं म्हणून मी तिथले नियम वाचले. १९८७ च्या कायद्यानं निदान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. प्रत्येक राज्यात या असिस्टंटची नोंदवही असते. सलग दोन वर्षं काम केलं नाही तर प्रशिक्षण किंवा परीक्षा नव्यानं द्यावी लागते. आणि नर्सिंग होमनं कामावर घेतलेल्या असिस्टंटकडून प्रशिक्षणाची फी घेता येत नाही. तिथं सगळं आबादीआबाद आहे असं नाही, ती बाईही पगारावरून रडायची. पण नोंदवहीत तिचं नाव होतं. आपल्याकडे असिस्टंटसाठी अशी नोंदवही मागायला हवी, आणि ती आपल्यासारख्या चळवळींनीच मागायला हवी.

तोवर पालकांनी फी भरण्याआधी एवढं विचारावं. परीक्षा कोण घेणार, तुम्ही की बाहेरचं कोणी? दवाखान्यात प्रत्यक्ष काम किती दिवस, आणि कुठल्या दवाखान्यात? कोर्सला नर्सिंग म्हणत असाल तर कौन्सिलची मान्यता दाखवा. ‘नंतर दाखवतो’ म्हणाले तर चहा पिऊन उठावं. मुलगी बारावी झाली असेल आणि घरची ओढाताण जमण्यासारखी असेल, तर सरळ एएनएम किंवा जीएनएमची चौकशी करा.

एक गोष्ट थोडी कडू आहे. आपण जलशात हजरत रुफैदांचं नाव घेतो, मदिनेत तंबूत त्यांनी जखमींची सेवा केली हे अभिमानानं सांगतो. घरी आल्यावर मुलीच्या नाइट ड्युटीला नको म्हणतो, पुरुष वॉर्डाला नको म्हणतो. माझे अब्बाही म्हणायचे. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा आठ महिने त्यांना उचलणारी, पुसणारी आपाच होती. पाठीला एक जखम झाली नाही. त्यानंतर अब्बांनी तो विषय काढला नाही.

कोणाकडे कोर्सचे कागद असतील तर माझ्याकडे द्या, लॅपटॉप आणलाय, बसून तपासू. आणि चहानंतर आपा या टेबलावर, पेशंट न उठवता चादर कशी बदलायची ते करून दाखवणार आहे. पेशंट मी होणार आहे.