'जामीन' कळतं, 'गॅरंटर'वर सही होते

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांना पैशातलं कळत नाही, हे आपण किती वर्षं ऐकतो आहोत! मुद्दल, व्याज, हप्ता, हातउसने, भिशी हे शब्द तर आपल्या रोजच्या बोलण्यातले. भिशीत कुणाचा नंबर कधी, हे वही न उघडता सांगणाऱ्या बाया आपल्याच गटांत आहेत. मग अडतं कुठे? गटांबरोबर काम करताना मला दिसतं ते असं, की व्यवहार ओळखीचाच असतो, पण कागदावर तो इंग्रजी नाव घेऊन येतो आणि त्या नावाआड जबाबदारी लपते.

'गॅरंटर' घ्या. कुणाला जामीन राहू नये, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवलेलं असतं. पण दीर म्हणतो, "वहिनी, नुसती गॅरंटर म्हणून सही हवी," आणि सही होते. अहो, गॅरंटर म्हणजे जामीनच! १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

दुसरा शब्द 'नॉमिनी'. खात्यावर नवऱ्याने भावाचं नाव लावलं होतं, म्हणून आता पैसा त्याचाच, असं विधवा बाईला सांगितलं जातं. ते खरं नाही. बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनीच्या नावाने ठरतं. मालकी वारसाहक्काने ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँकेतल्या ठेवींबाबत हे स्पष्ट केलं आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नीचा वाटा नॉमिनीमुळे बुडत नाही.

तिसरा 'फ्लॅट रेट'. दहा हजारांचं कर्ज, १२ टक्के, वर्षभरात बारा हप्ते. फ्लॅटने व्याज होतं १,२०० रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, तरी व्याज पूर्ण दहा हजारांवरच लागतं. उरलेल्या मुद्दलावर त्याच दराने आकारलं तर ते साधारण ६६२ रुपये होतं. दोन्हीकडे सांगताना आकडा एकच, बारा टक्के!

यावर उपाय आपण सगळ्यांनी इंग्रजी शिकणं एवढाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी व्यक्तींना दिलेल्या नव्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे. सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, हेही त्यात लिहावं लागतं. तेव्हा कागद मराठीत मागणं ही विनवणी नव्हे, तो आपला हक्क आहे.

गटाच्या प्रत्येक बैठकीत एकीने आपल्या घरातला एक कागद आणावा आणि तो मोठ्याने वाचावा. अडलेल्या प्रत्येक शब्दापुढे आपला शब्द लिहावा. जो शब्द समजावून द्यायला समोरचा तयार नाही, त्या कागदावर त्या दिवशी सही करायची नाही, एवढं ठरवून इथून जाऊ या.