पदार्थविज्ञानाची वाट
(विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गौरव झालेल्या मुलामुलींचे अभिनंदन अध्यक्षांनी समर्पक शब्दांत केलेच आहे. आम्हांस बोलावयास सांगितले आहे ते पदार्थविज्ञान घेऊ इच्छिणाऱ्यांविषयी. तीस वर्षे तोच विषय शिकविण्यात घालविली असल्यामुळे आम्ही थोडे स्पष्ट बोललो तर आपण क्षमा कराल.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एक गृहस्थ कन्येसह आमच्या घरी आले. मुलीस पदार्थविज्ञान घ्यावयाचे होते. वडिलांची इच्छा इंजिनियरिंगची. "सर, हे शिकून ही पुढे खाणार काय?" असे त्यांनी विचारले. ज्यास मुलीची काळजी आहे तो बाप हेच विचारील. मात्र पूर्वी अशाच प्रश्नावर आम्ही एका हुशार विद्यार्थ्यास विचार न करता इंजिनियरिंगकडे वळविले होते. त्याने चार वर्षे कशीबशी काढली, नोकरीतही तो रमला नाही, आणि आजही भेटला की ताऱ्यांविषयीच बोलतो. तो आम्हांस दोष देत नाही, हे त्याचे सौजन्य.

म्हणून या वेळी आम्ही आधी मुलीस विचारले, "तुला यात आवडते काय?" ती म्हणाली, "सर, लंबकाचा आवर्तनकाल झोक्याच्या लांबीरुंदीवर अवलंबून नसतो असे आम्हांला शिकवले. मी दोरीला कुलूप बांधून दहा झोके मोजले. मोठा झोका दिला की दर वेळी वेळ थोडा जास्तच लागतो." तिचे म्हणणे खरे आहे. पुस्तकातील नियम लहान झोक्यापुरता आहे. लंबक ६० अंश ओढून सोडला तर आवर्तनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. कोणी न सांगता जी मुलगी पुस्तक तपासून पाहते, तिचे गुण किती हे विचारण्याची आम्हांस गरज वाटली नाही. उलट, नव्वद टक्के मिळवूनही ज्यास गणिताचा कंटाळा आहे, त्याने या वाटेस जाऊ नये.

आता भाकरीचा प्रश्न. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम घेता येतो. ही संस्था २००६ साली स्थापन झाली. किंवा गावच्या महाविद्यालयात बी.एस्‌सी. करून 'जॅम' परीक्षेच्या द्वारे आय.आय.टी.त एम.एस्‌सी.स जाता येते. हा दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पुढे नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे तेविसाव्या वर्षापासून मुलगी आपले पोट आपण भरते. परंतु डॉक्टरेटला आणखी पाच-सहा वर्षे, त्यानंतर तात्पुरत्या नेमणुका. कायमची जागा तिशीनंतरच, आणि तीही सर्वांस मिळत नाही. हे मुलांपासून लपवू नये.

जो संशोधक होत नाही, तो वाया गेला असेही नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणांची मात्रा मोजणारा तज्ज्ञ पदार्थविज्ञानाचाच पदवीधर असतो. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या अनेक दुर्बिणी उभ्या आहेत. त्या चालविण्यास नुसते खगोलज्ञ पुरत नाहीत.

होमी भाभांसही वडिलांनी केंब्रिजला पाठविले ते यंत्रशास्त्रासाठी. त्यात प्रथम वर्ग मिळविलास तर पुढे गणित शिकू देईन, अशी त्यांची अट होती. १९३० साली ती मुलाने पुरी केली. हा दाखला सभांतून नेहमी दिला जातो. पण भाभांच्या वडिलांस मुलाची आणखी काही वर्षे सहज पोसता येत होती. आपल्यापैकी बहुतेकांस ती येत नाहीत. येथेच मंडळाचे काम सुरू होते. आपली शिष्यवृत्ती वैद्यकी व अभियांत्रिकी या दोनच शाखांस मिळते, आणि पहिल्या पदवीबरोबर थांबते. नियम केला तेव्हा तो योग्य असेल. करणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्या मुलीने विज्ञानशाखेत प्रवेश घेतला. तिने दोन्ही शाखांची नावे खोडून बाजूस 'पदार्थविज्ञान' असे लिहिलेला अर्ज, नियमात बसत नाही म्हणून, चिटणीसांच्या कपाटात आहे. येत्या सभेत तो बाहेर काढावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे होते.