चालता प्रोग्राम थांबवून पाहताना

चालू प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते पाहायचे आणि मग एकेक ओळ पुढे सरकायचे, यासाठी डीबगर वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा डीबगर आजही सी आणि सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्यांच्या हाताशी असतो. कल्पना मात्र त्याहून जुनी. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या आसपासच टीएक्स-० आणि पीडीपी-१ या संगणकांसमोर बसून प्रोग्रामर आपला प्रोग्राम असा तपासू लागले होते.

थांबवण्याची युक्ती साधी आणि सुंदर आहे. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर, जिथे थांबायचे त्या सूचनेचा पहिला बाइट डीबगर काढून जपून ठेवतो आणि त्या जागी एका बाइटची खास सूचना लिहितो. प्रोसेसर तिथे पोहोचला की ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे आणि तिच्याकडून डीबगरकडे जातो. हाच ब्रेकपॉइंट. पुढे निघताना मूळ बाइट पुन्हा जागेवर येतो.

एक खरी चूक घेऊ. क्रमाने लावलेल्या यादीत बायनरी सर्च करताना खालची आणि वरची हद्द यांची बेरीज करून दोनने भागतात आणि मधली जागा काढतात. सीमध्ये लिहिलेला असा प्रोग्राम छोट्या याद्यांवर बिनचूक चालतो, १५० कोटी नोंदींवर कोसळतो. जीडीबीत चालवला की तो कोसळला त्याच ओळीवर थांबलेला सापडतो. बॅकट्रेस मागितल्यावर कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले ती साखळी दिसते. मधल्या जागेची किंमत छापून पाहावी, तर ती निघते उणे १०२ कोटींच्या घरात! खालची हद्द ७५ कोटी, वरची १५० कोटींना एक कमी, दोन्ही रास्त. म्हणजे बिघाड बेरजेत आहे. उणे संख्याही धरणाऱ्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढची संख्या मावत नाही, आणि ही बेरीज २२५ कोटींना एक कमी इतकी होते. उपाय असा, की दोन हद्दींमधले अंतर निम्मे करून ते खालच्या हद्दीत मिळवायचे. जावाच्या लायब्ररीत हीच चूक अनेक वर्षे दडून होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीर केली, आणि तो कोड त्यांचाच होता.

या तपासात डीबगरने फक्त आकडे दाखवले. मधली जागा दोन हद्दींच्या आतच असली पाहिजे, ही अपेक्षा माणसाची. अशी अपेक्षा मनात न धरता ओळीमागून ओळ दाबत राहणे म्हणजे वेळ घालवणे.

किंमत नेमकी कुठे बिघडते हे ठाऊक नसेल तर वॉचपॉइंट लावावा. ती किंमत बदलली की प्रोग्राम आपोआप थांबतो. अनेक थ्रेड एकाच वेळी चालतात तेव्हा मात्र थांबवण्यानेच वेळेचे गणित बदलते आणि चूक गायब होते. तिथे नोंदी लिहून ठेवणारा लॉग अधिक भरवशाचा. मोझिलात तयार झालेले आरआर हे साधन आणखी वेगळ्या वाटेने जाते. ते प्रोग्रामची एक फेरी नोंदवून ठेवते, आणि नंतर तीच फेरी हवी तितक्या वेळा, उलट्या दिशेनेसुद्धा, तपासता येते.