वारशाची परीक्षा गडावरच होते

(मीरा-भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे जागतिक वारसा समितीने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा दुर्गांची नोंद जागतिक वारसा यादीत केली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा. तामिळनाडूतील जिंजी हा बारावा. हिंदवी स्वराज्याच्या या गौरवाने आपली मान उंचावली. परंतु हा मान मिळतो कसा, हे जाणून घेतल्याखेरीज तो टिकवण्याची जबाबदारीही ध्यानात येणार नाही.

युनेस्कोचा जागतिक वारसा करार १९७२ सालचा; भारत १९७७ मध्ये त्यात सहभागी झाला. या करारानुसार नामांकनाचा अधिकार केवळ राष्ट्राला आहे. कोणतीही संस्था किंवा महापालिका परस्पर अर्ज करू शकत नाही. प्रथम ते स्थळ देशाच्या संभाव्य यादीत किमान वर्षभर असावे लागते. आपले दुर्ग २०२१ मध्ये त्या यादीत आले. त्यानंतर नकाशे, सीमा, इतिहास, संरक्षणाचे कायदे आणि व्यवस्थापनाचा आराखडा यांसह सविस्तर प्रस्ताव जातो. इकोमॉस या संस्थेचे तज्ज्ञ प्रत्यक्ष स्थळी येऊन पाहणी करतात आणि अखेर एकवीस राष्ट्रांची समिती निर्णय देते.

या परीक्षेतील मुख्य प्रश्न एकच असतो : या स्थळाचे मोल साऱ्या मानवजातीला मानावे लागेल असे काय आहे? ‘आम्हांस ते पूज्य आहे’ एवढे उत्तर तेथे पुरत नाही. म्हणून महाराष्ट्रातील ३९० हून अधिक किल्ल्यांतून मोजके निवडले गेले. डोंगर, अरण्य, पठार, किनारा आणि बेट अशा प्रत्येक भूरूपाचा लाभ घेऊन उभारलेली एकच संरक्षणव्यवस्था, हे सूत्र त्यांतून मांडले गेले. बारांपैकी आठ गड केंद्राच्या आणि चार राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. म्हणजे संरक्षण कोणाचे, यावर काही अडले नाही. ते कसे आहे, हे पाहिले गेले.

आणि हा मान कायमचा नसतो. जर्मनीतील ड्रेस्डेनने नदीवर नवा पूल बांधला. २००९ मध्ये तेथील एल्ब खोरे यादीतून वगळले गेले. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे बंदर नव्या बांधकामांपायी २०२१ मध्ये वगळले गेले. दोन्ही श्रीमंत देश. पैशाची उणीव नव्हती. उणीव होती ती जपणुकीच्या निश्चयाची.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या शहराच्या हद्दीत खाडीकाठी घोडबंदरचा किल्ला आहे आणि भाईंदरच्या पश्चिमेस धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. समोर खाडीपलीकडे वसईचा कोट. १७३७ पासून चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्यात या धारावी बेटासाठी निकराची झुंज झाली. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. आज लोकलने भाईंदरची खाडी ओलांडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे स्मरते?

हे किल्ले उद्या जागतिक यादीत जातील, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. कदाचित ते कधीच जाणार नाहीत. परंतु जे प्रश्न तज्ज्ञ रायगडावर विचारतात, तेच आपण येथे स्वतःला विचारू शकतो. या वास्तूची सीमा कोणती? मूळ दगड किती आणि नवे सिमेंट किती? डागडुजी जाणकारांच्या देखरेखीखाली होते की केवळ रंगरंगोटी? भोवतालच्या वस्तीला तिचा इतिहास ठाऊक आहे का? तटावर आपले नाव कोरणाऱ्या हाताला अडवणारा कोणी आहे का?

नामांकन दिल्लीहून जाते आणि निर्णय परदेशात होतो. परीक्षा मात्र गडावरच होते. तेथे उत्तर द्यायचे असते ते गडाखाली राहणाऱ्या समाजाला. ज्या पूर्वजांनी हे दुर्ग रक्त सांडून जिंकले, त्यांचे वारस म्हणवून घेताना आपल्याला निदान ते स्वच्छ आणि अभंग राखता आले पाहिजेत. जगाची मोहोर उमटो वा न उमटो, हे आपले कर्तव्यच आहे.