उन्हाळ्यातील शाळेची परसबाग

(लासूर स्टेशन येथे भरलेल्या केंद्र शिक्षण परिषदेत, फेब्रुवारी महिन्यात केलेले भाषण)



सध्या आपल्या शाळांतील वाफे हिरवेगार आहेत. मेथी-पालक निघत आहे, वांगी लागली आहेत. अशा वेळी उन्हाळ्याची चर्चा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु एप्रिलमध्ये मुलांच्या खिचडीत हिरवे पान पडेल की नाही, हे ह्या महिन्यातच ठरत असते.

“पिण्यास पाणी नाही तेथे बाग कसली?” असे गावकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात शिवनेचे पात्र कोरडे पडते, विहिरी तळ गाठतात. १९७२ व २०१२-१३ चे दुष्काळ ह्या भागातील लोकांस समजावून सांगावे लागत नाहीत. पिण्याच्या पाण्यातील एक तांब्याही बागेस देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बागेचा हक्क आहे तो एकदा वापरून झालेल्या पाण्यावर. ते किती निघते हे मोजावे व तेवढीच बाग ठेवावी. हिवाळ्यात आपण जागा पाहून बाग आखतो. उन्हाळ्यात ती पाणी पाहून आखली पाहिजे.

हिशेब सोपा आहे. प्राथमिक वर्गातील ६० मुले जेवत असतील तर दरडोई १०० ग्रॅमप्रमाणे ६ किलो तांदूळ शिजतो. तो व डाळ दोन वेळा धुतली तर २० लिटरच्या आसपास पाणी निघते. जेवणाआधी व नंतर हात धुताना प्रत्येकी अर्धा लिटर धरल्यास आणखी ३० लिटर. एकूण ५०. आता खर्चाची बाजू पाहा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हात भाजीच्या वाफ्यातून दररोज सहा-सात मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. म्हणजे आपल्या ५० लिटरांत सात-आठ चौरस मीटर जगेल. चांगले आच्छादन केल्यास दहा फूट लांब व दहा फूट रुंद असा वाफा तगेल. हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांकडून बादली व मोजपट्टी देऊन करवून घ्यावे. १९३७ च्या वर्धा परिषदेने उद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, त्याला याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही.

एवढ्या वाफ्यातून ६० मुलांची भाजी निघेल, असा भ्रम कोणी बाळगू नये. मुलामागे ५० ग्रॅम धरली तरी दिवसाला ३ किलो भाजी लागते. ती बाजारातूनच येईल. परंतु बाजारची पालेभाजी महागते व सुकते त्या दिवसांत मूठभर ताजा पाला देणे बागेस जमते.

पिकांची निवडही बदलावी. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले की टोमॅटोची फुले गळतात. तेथे पाणी घालणे व्यर्थ. भेंडी, गवार व चवळी आताच टोकावीत. भेंडी सुमारे ५० दिवसांत तोडणीस येते. राजगिरा व तांदुळजा दर दहा दिवसांनी थोडा थोडा पेरावा. गादीवाफे मोडून वाफे जमिनीहून वीतभर खोल करावेत, म्हणजे पाणी बाहेर वाहत नाही व गरम वाराही कमी लागतो.

आपली काळी जमीन तापली की भेगाळते आणि भेगांतून उरलासुरला ओलावा निघून जातो. म्हणून उघडी माती दिसता कामा नये. गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट चार बोटे जाड पसरावे. खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडावी, नाही तर वाळवी लागते. कडब्यास मात्र हात लावू नये. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेस तुराट्यांचा ताटवा उभा करावा. पऱ्हाट्या नकोत, त्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, आणि शेजारच्या शेतकऱ्याचे नुकसान शाळेकडून होणे बरे दिसत नाही.

डाळ-तांदळाचे पाणी झाकण असलेल्या पिंपात साठवून दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठापूर्वी घालावे. त्याहून अधिक ठेवल्यास वास येतो. साबणाचे पाणी पालेभाजीस देऊ नये, ते शेवग्याच्या आळ्यात सोडावे. दुधी व दोडक्याच्या वेलांजवळ साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे व तोंड झाकावे. पाणी झिरपत राहते, मुळे तिकडेच वळतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मडक्याची छिद्रे बुजतात, तेव्हा दरवर्षी नवे मडके घ्यावे.

खरी अडचण मे महिन्याची आहे. सुटी लागली की खिचडी थांबते आणि खिचडीबरोबर पाणीही थांबते. (दुष्काळग्रस्त भागात सुटीतही आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला होता, तसे वर्ष आल्यास गोष्ट वेगळी.) म्हणून पालेभाज्यांचे वाफे एप्रिलअखेर रिकामे करावेत. भेंडी-गवारीच्या चार-चार शेंगा झाडावरच वाळू देऊन बी धरावे. वांग्याची झाडे उपटू नयेत. मेअखेरीस ती वीत-दीड वीत ठेवून छाटावीत, पाऊस पडताच फुटतात. शेवगा व कढीपत्ता यांस आठवड्यातून दोन वेळा बादलीभर पाणी पुरते. तेवढे शाळेशेजारच्या घरांतील धुण्याभांड्याच्या पाण्यातून मिळू शकते. त्यासाठी दोन घरे आजच पाहून ठेवावीत, स्वयंपाकीताईंना विचारात घ्यावे, आणि फाटकाची एक किल्ली त्यांच्यापैकी कोणाकडे राहील हे शाळा व्यवस्थापन समितीच्या मार्चच्या सभेत नोंदवून घ्यावे.